शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ

राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या दाखल रजिस्टरात एका मुलाची नोंद आहे. नाव निरानाराम, वडिलांचं नाव चेतनराम, जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982. अशा लाखो ओळी देशभरच्या शाळांच्या कपाटांत पडून आहेत आणि बहुतेक वेळा त्यांची गरज लागते ती लग्न, नोकरी किंवा पेन्शनच्या वेळी. या एका ओळीवर मात्र एका माणसाचा जीव अडकलेला होता. ती ओळ न्यायालयापुढे पोचायला सुमारे पंचवीस वर्षं लागली.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी 1998 मध्ये 'नारायण चेतनराम चौधरी' या आरोपीला फाशी सुनावली. हा नारायण म्हणजेच तो निरानाराम. रजिस्टरातली तारीख धरली तर गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय साडेबारा होतं. शिक्षा सुनावली तेव्हा तो नुकताच सोळाचा झाला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली तेव्हा अठराचा. 27 मार्च 2023 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याला ताबडतोब सोडण्याचा आदेश दिला. नागपूर मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडलेला माणूस एकेचाळीस वर्षांचा होता.

मी पुण्यात फौजदारी वकिली करते. फाशी असावी की नसावी हा वाद आमच्या बार रूममध्ये महिन्यातून एकदा तरी निघतो आणि चहा संपला की विरतो. दोन्ही बाजूंची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. हे प्रकरण मात्र मला त्या पाठ वाक्यांत बसवता येत नाही. म्हणून ते पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत नीट मांडून बघायचं ठरवलं.

पौड रस्त्यावरचं घर

26 ऑगस्ट 1994. पौड रस्त्यावरच्या एका सोसायटीतल्या घरात सात जणांचा खून झाला. पाच बायका आणि दोन लहान मुलं. एक मूल दीडेक वर्षांचं, दुसरं चार वर्षांचं. बायकांपैकी एक गरोदर होती. लूट हा उद्देश होता. ज्या पिढीने त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं वाचली, तिच्या मनातून ते घर अजून गेलेलं नाही. कोथरूडची माणसं आजही 'त्या' सोसायटीचा उल्लेख करताना आवाज खाली आणतात.

मेलेल्या पाच बायकांत एक त्या घरी कामाला येणारी बाई होती. या प्रकरणाची चर्चा निघते तेव्हा 'एका कुटुंबातल्या सात जणांचा खून' असं सरसकट बोललं जातं आणि ती बाई त्या कुटुंबात विरघळून जाते. ती त्या कुटुंबातली नव्हती. तिचं स्वतःचं घर होतं, आणि त्या घरातलं माणूसही त्या दिवशी गेलं. पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना ही सात माणसं मी डोळ्यांआड करत नाही. वाचणाऱ्यानेही करू नये.

5 सप्टेंबर 1994 ला अटक झाली. आरोपी तिघे, आणि तिघेही मूळचे राजस्थानचे. त्यांच्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या जबानीवर आणि तिला दुजोरा देणाऱ्या इतर पुराव्यावर उरलेल्या दोघांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने 1999 मध्ये ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने 5 सप्टेंबर 2000 ला. अटकेला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं होत होती. नोव्हेंबरात फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. आपल्याकडच्या खटल्यांचा वेग पाहता हे सगळं झटपट झालं म्हणायचं. तीन पायऱ्या आणि फेरविचार धरून चार टप्पे, पण वयाच्या रकान्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

वय: अंदाजे

हे कसं होतं ते बाहेरच्या माणसाला समजायला कठीण आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. अटकेच्या कागदावर एक रकाना असतो: नाव, वय, धंदा, राहणार. पकडून आणलेला माणूस परगावचा, मजुरी करणारा, भाषा तोडकीमोडकी. हवालदार विचारतो, 'उमर कितनी?' पोरगा बघत राहतो. त्याला स्वतःलाच माहीत नसतं, किंवा तो जे सांगेल ते खोटंच असणार असं समोरच्याने धरलेलं असतं. मग मिसरूड बघून, अंगापिंडावरून आकडा पडतो. 19, 20, 22. तो आकडा रिमांडच्या अर्जात जातो, तिथून दोषारोपपत्रात, तिथून आरोप निश्चितीत, तिथून निकालपत्राच्या पहिल्या पानावर. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदावरून नकलून घेतलेला असतो, आणि नकलून नकलून तो खरा होतो. मी स्वतः वकिलीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत कितीतरी वकीलपत्रांवर असाच आकडा उतरवला आहे. आरोपीला आईचं नाव विचारलं, जामीनदार विचारला. शाळेत गेला होतास का, हे विचारलं नाही.

निरानाराम कागदोपत्री सज्ञान होता, नावही नारायण लागलेलं. गाव शेकडो किलोमीटरवर. शाळा लहानपणीच सुटलेली. घरचे पुण्याला येऊन दाखला देतील अशी परिस्थिती नव्हती, आणि दाखला आणला तर उपयोग होतो हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

यावर एक हमखास उत्तर मिळतं: तेव्हाचा कायदा वेगळा होता, अठराची मर्यादा नंतर आली. हे अर्धंच खरं आहे. 1994 मध्ये बाल न्याय अधिनियम 1986 लागू होता. त्यात मुलग्यासाठी मर्यादा सोळा वर्षांची होती, आणि त्या वयाखालच्या मुलाला फाशी किंवा तुरुंगवास देऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही भारताने 1992 मध्येच स्वीकारला होता. साडेबारा वर्षांचा मुलगा कुठल्याही मोजपट्टीने मूलच होता. कायदा होता, तो लावण्यासाठी लागणारी एक तारीख तेवढी कुणी शोधली नाही.

तिघांच्या तीन वाटा

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ अडकले ती जागा ही. गुन्हा एक, आरोपी तिघे. पहिल्याला माफी मिळाली आणि तो साक्ष देऊन मोकळा झाला. दुसऱ्याची फाशी राष्ट्रपतींनी 2016 मध्ये जन्मठेपेत बदलली. तिसरा, जो वयाने मूल होता, तो सर्वांत जास्त काळ दोराखाली राहिला.

माफीचा साक्षीदार ही सोय कायद्यात आहे आणि गरजेचीही आहे. तिच्याशिवाय कित्येक टोळ्यांचे गुन्हे सिद्धच झाले नसते. पुण्याला हे नवं नाही. सत्तरच्या दशकात पुणं हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातही एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता आणि उरलेल्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी दिली गेली. पण शिक्षा जन्मठेपेची असते तेव्हा 'तो सुटला, हे अडकले' यातला फरक वर्षांचा असतो. शिक्षा फाशीची असली की तोच फरक जिवाचा होतो. 'दुर्मिळातील दुर्मिळ' गुन्ह्यातच फाशी द्यावी, ही कसोटी बच्चनसिंग खटल्यात 1980 साली आली. त्या कसोटीने गुन्ह्याचं वजन होतं म्हणतात. इथे तर तिघांचा गुन्हा एकच होता. मग वजन नेमकं कशाचं झालं? कोण आधी बोलला, कुणाचा दयेचा अर्ज कधी आणि कुणाच्या टेबलावर गेला, कुणाला उशिरा का होईना कागद शोधणारा वकील भेटला, याचं. मला दुसरं उत्तर सापडत नाही.

जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या फाशींना तेव्हा अकरा वर्षंही झाली नव्हती. त्याच शहरात, तितक्याच निर्घृणपणे पौड रस्त्यावरचा गुन्हा घडला. एका उदाहरणावरून 'फाशीने जरब बसत नाही' असं मी म्हणणार नाही, कारण न घडलेले गुन्हे मोजता येत नाहीत. पण 'फाशी दिली की शहर सुरक्षित होतं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने ही दोन सालं शेजारी शेजारी लिहून बघावीत.

2018 चा अर्ज

ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज आला. फेरविचार फेटाळला जाऊन अठरा वर्षं होत आलेली. अर्जातली मागणी एवढीच: गुन्ह्याच्या वेळी मी अल्पवयीन होतो, तपासून बघा. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 9(2) मुळे हे शक्य झालं. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, खटला अंतिमरीत्या निकाली निघाल्यावरसुद्धा करता येतो. या तरतुदीवर पळवाट म्हणून बरीच टीका होते. मला ती घरातल्या मागच्या दारासारखी वाटते. एरवी कुणी वापरत नाही, पण आग लागली की तेच उपयोगी पडतं.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना वयाची चौकशी करायला सांगितलं. ज्या न्यायालयातून फाशी निघाली होती, त्याच न्यायालयाकडे पुन्हा कागद आले. चौकशीत शाळेची नोंद पुढे आली आणि गुन्ह्याच्या दिवशीचं वय निघालं 12 वर्षं 6 महिने. राज्य सरकारने विरोध केला. आक्षेप अगदी निराधार नव्हते. रजिस्टरात निरानाराम, खटल्यात नारायण, हा एकच मुलगा कशावरून? आणि इतकी वर्षं हा मुद्दा का काढला नाही?

न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस आणि हृषीकेश रॉय यांच्या पीठाने नोंद ग्राह्य धरली. कायद्यात वय ठरवण्याचा क्रम आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेची विश्वसनीय नोंद हातात असताना पुढच्या पायरीवर जायची गरज नाही. या निकालातला एक भाग मला फार प्रामाणिक वाटतो. बारा वर्षांचं पोर एवढं भयंकर कृत्य करू शकेल का, हा धक्का न्यायाधीशांनाही बसला आणि त्यांनी तो लपवला नाही. पण अशा शंकेने वयाचा पुरावा खोडता येत नाही, असं म्हणून ते पुढे गेले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी 'निर्दोष सुटका' असं छापून आलं होतं. तो निर्दोष ठरलेला नाही. गुन्हा केला की नाही हा प्रश्न न्यायालयाने पुन्हा उघडला नाही. त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. त्याने अठ्ठावीस वर्षांहून जास्त भोगली होती. म्हणून सुटका झाली.

फाशी यार्डातलं शिक्षण

तिसरी-चौथीच्या आसपास शाळा सुटलेला हा मुलगा तुरुंगात मराठी शिकला, परीक्षा देत गेला आणि समाजशास्त्रात एम. ए. झाला. महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांत मुक्त विद्यापीठांची केंद्रं आहेत, शिकायची सोय आहे. पण फाशी यार्डात बसून शिकणं ही वेगळी गोष्ट आहे. बाकी कैद्यांना काम मिळतं, मजुरी मिळते, पदवी घेतली तर शिक्षेत सूट मिळते. फाशीच्या कैद्याला सूट कशातून द्यायची? त्याला तर वर्षांची शिक्षाच नाही. त्याची शिक्षा म्हणजे फाशी, आणि ती होईपर्यंत तो थांबलेला असतो. त्याच्या कैदेच्या काळात येरवड्यात 2012 मध्ये कसाबला आणि नागपुरात 2015 मध्ये याकूब मेमनला फाशी दिली गेली. महाराष्ट्रात फाशीची सोय असलेली कारागृहं ही दोनच. ज्याच्या डोक्यावर तीच शिक्षा आहे अशा माणसाने या बातम्या कशा ऐकल्या असतील याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

पुनर्वसनाच्या बाजूचे लोक या एम. ए. कडे बोट दाखवतात: बघा, माणूस बदलतो. मला इतकं सोपं वाटत नाही. व्यवस्थेने त्याला सुधारायला ठेवलं नव्हतं, संपवायला ठेवलं होतं. तो शिकला तो स्वतःच्या चिवटपणावर, कदाचित वेड लागू नये म्हणून. याचं श्रेय तुरुंगाला देणं मला पटत नाही. बच्चनसिंग निकालात म्हटलं होतं की आरोपी सुधारण्याची शक्यता न्यायालयाने बघावी, आणि ती शक्यता नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं. प्रत्यक्षात कित्येक वर्षं शिक्षेवरचा युक्तिवाद दोषी ठरवल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात उरकला जात होता. 'माझा अशील तरुण आहे, गरीब आहे, म्हातारे आईबाप आहेत.' संपलं. आरोपीच्या घरची माहिती, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं खालच्या कोर्टातच मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं ते मे 2022 मध्ये, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात. पुण्याच्या खटल्यात 1998 साली असं कुणी कुणाला आरोपीच्या गावी पाठवलं असतं, तर तो माणूस आपसूक शाळेच्या दारात पोचला असता आणि रजिस्टर तेव्हाच उघडलं गेलं असतं.

2019 चे महाराष्ट्रातलेच दोन निकाल याच्या शेजारी ठेवावेसे वाटतात. फेब्रुवारीत एका बालकाच्या खुनाच्या खटल्यातली फाशी जन्मठेपेत बदलली, तेव्हा आरोपीने तुरुंगात लिहिलेल्या कविता न्यायाधीशांनी वाचल्या होत्या. 5 मार्चला नाशिकमधल्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्याच न्यायालयाने 2009 मध्ये त्या सहाही जणांना फाशी कायम केली होती, त्यांतल्या तिघांची तर जन्मठेपेवरून वाढवून. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, आणि ती गोष्ट सरकारपक्षाने पुढे येऊ दिली नव्हती. सहाही जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. 2009 ते 2019 या दहा वर्षांत कधीही फाशी झाली असती, तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवायचे होते?

माझं मत आणि त्यातली अडचण

मी फाशीच्या विरोधात आहे. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 2015 च्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी बंद करावी असं सुचवलं होतं. मला तो अपवादही नको, कारण चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे असते तर जिथे लोकांचा राग सगळ्यात मोठा असतो तिथे. 1994 च्या पुण्यात तो राग होता, आणि तो खरा होता.

पण पौड रस्त्यावरच्या घरातून उरलेल्या माणसांना मी हे तोंडावर म्हणू शकेन का? त्यांनी 2000 साली ऐकलं की न्याय झाला. 2016 मध्ये ऐकलं की एकाची शिक्षा कमी झाली. 2023 मध्ये ऐकलं की दुसरा सुटला, कारण तो मूल होता आणि हे आम्हाला आत्ता कळलं. शासनाने त्यांनाही फसवलंच. पहिल्याच आठवड्यात वय तपासलं असतं, तर मुलगा सुधारगृहात गेला असता, उरलेल्यांवर खटला चालला असता, आणि या कुटुंबाला दर काही वर्षांनी जुनी जखम उघडी करून दाखवावी लागली नसती. फाशीच्या शिक्षेला वर्षानुवर्षांचा विलंब चिकटलेलाच असतो, कारण जीव घ्यायचा तर प्रत्येक दार ठोठावू द्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. मरणाऱ्याचं आणि मेलेल्यांच्या घरच्यांचं आयुष्य मात्र त्या दारांत अडकून पडतं. 'फाशी म्हणजे विषय संपला' असं म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण सांगते. एकोणतीस वर्षं विषय संपला नव्हता.

आणि तुरुंगवासाच्या बाजूने बोलताना मला हेही विसरता येत नाही की इथे तुरुंगवासही चुकीचाच होता. अठ्ठावीस वर्षं कुणी परत देऊ शकत नाही. बारा ते एकेचाळीस, म्हणजे माणसाचं म्हणता येईल असं सगळं आयुष्य. फरक इतकाच की 2023 मध्ये सुटकेचा आदेश बजावायला नागपूरच्या कोठडीत जिवंत माणूस होता.

माझ्या सवयीत मात्र एक बदल झाला. गेल्या पावसाळ्यात रिमांड कोर्टात एक पोरगा उभा होता, परराज्यातला, बांधकामावर काम करणारा. कागदावर वय 19. मी विचारलं, 'बेटा, स्कूल गया था?' म्हणाला, 'पाँचवीं तक.' शाळेचं नाव विचारलं, गावचं नाव विचारलं, मोठ्या भावाचा नंबर घेतला. तारीख मागून घेतली. तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका रजिस्टरच्या पानाचा फोटो आला, तिरका काढलेला, कडेला कुणाचा तरी अंगठा. वय निघालं सोळा वर्षं नऊ महिने. न्यायाधीशांनी मूळ दाखला मागवला आणि मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करायला सांगितलं.